दारापासून एक वेढा

गावातल्या निम्म्या घरांत उजेड पाडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत चौदा पावलं अंधार होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे टेप लावून मोजता आला असता.

मधल्या पॅसेजला खिडकी नव्हती. एका बाजूला शेजारच्या घराची भिंत, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दाराशी एक पायरी, जिचं त्या जागी कुणाला काही काम नव्हतं. दिवा एकच, बटण एकच, तेही पुढच्या दाराशी. मागच्या खोलीतून निघालेल्या माणसाला दिवा लावायचा तर आधी सगळा अंधार ओलांडून यावं लागायचं, आणि बटणापाशी पोचल्यावर दिव्याची गरजच उरायची नाही. हा विनोद चाळीस वर्षं चालला. आई म्हणायची, "गावाला उजेड आणि घराला चाचपडणं. बरं केलंत लग्न माझ्याशी."

निवृत्त झाल्यावर बाबांनी एकदाचं ते काम हातात घेतलं. भिंती खोदल्या, पाइप पुरले, वायरी ओढल्या, वरून स्वतःच गिलावा केला. छताच्या मधोमध नवा दिवा, आणि त्याला तीन बटणं : एक पुढच्या दाराशी, एक पायरीजवळ, एक मागच्या खोलीच्या दाराशी. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. फक्त बटणं आणि दिवा बसवायचा राहिला होता. मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात बाबा म्हणायचे, "परत आलो की आधी बटणं बसवतो." नंतर म्हणायचे, "बटणं कपाटात आहेत." शेवटी शेवटी काही म्हणत नसत.

त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. भिंतीतल्या तीन चौकोनी खोबण्यांमधून वायरींची टोकं तशीच बाहेर डोकावत होती.

आणि दोन महिन्यांपूर्वी आई त्या पायरीवरून पडली. डावं मनगट. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, शिवणयंत्र पुन्हा खडखडायला लागलं. पण दादाचं मन काही जुळून येईना. दादा कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचा. जगातली प्रत्येक वस्तू सदोषच असते, दोष फक्त अजून सापडलेला नसतो, अशा नजरेने तो घरीदारी बघायचा.

"या खेपेला मनगट होतं," तो फोनवर म्हणाला. "पुढच्या खेपेला कंबर असेल. रविवारी बारा वाजता गाडी घेऊन येतो. आई, बॅग भरून ठेव. थोडे दिवस म्हणून ये."

'थोडे दिवस' म्हणजे किती, हे तिघांनाही कळत होतं. दादाचं घर सहाव्या मजल्यावर. तिथे आईला खोली होती, शिवणयंत्राला जागा नव्हती. आईच्या हाताला चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं होती. आया शिवून घेऊन गेल्या, आता त्यांच्या लेकी यायच्या. तिथे आई काय करणार होती? खिडकीत बसून खालची माणसं मोजणार?

आई दादाला "बघू" म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ आजवर कुणाला लागला नव्हता.

धाकटीने फोन हातात घेतला. "पॅसेजमध्ये नीट दिवा झाला तर?"

"दीड वर्षात झाला नाही, तो रविवारपर्यंत होतोय होय?" दादा म्हणाला. "कोण करणार? तू?"

"मी."

"तिन्ही बटणांनी चालला तर मी बॅगेला हात लावणार नाही. जा. झालं?"

"झालं," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवून दिला. खरं तर ती जमिनीचे नकाशे काढायची. विजेच्या कामातली तिची पात्रता एवढीच, की लहानपणी ती बाबांसाठी बॅटरी धरायची. बाबा शिडीवर, ती खाली, आणि वरून एकच वाक्य : "माझ्या तोंडावर नको, कामावर धर."

*

शनिवारी सकाळी ती कोपऱ्यावरच्या फोरमनकाकांकडे गेली. बाबा तीस वर्षं त्यांच्या हाताखाली होते. आता काकांचे गुडघे गेले होते, पण आवाज जिथल्या तिथे होता.

"कोण, बॅटरी? ये ये." ते तिला अजून त्याच नावाने हाक मारायचे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "माणूस पाठवतो की सोमवारी."

"सोमवारी उपयोग नाही, काका. आणि माणूस नको. मला करायचंय."

 काकांनी काठी उचलली. "मी शिडीवर चढणार नाही. खुर्चीत बसून शिव्या देईन. चालेल?"

"बाबांना द्यायचात तशाच द्या."

"त्या तुला झेपायच्या नाहीत. तुला शाकाहारी देतो."

घरी आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते मेन पाडण्याचं. फ्यूज ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावलं. "फ्यूज भिंतीवर ठेवला की कुणीतरी शहाणा येऊन लावतो. तुझ्या बापाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. फ्यूज खिशात, जीव कुडीत."

आई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मशीन बिनविजेचं, पायाचं, त्यामुळे तिला काम थांबवायचं कारण नव्हतं. तरी ती थांबली होती. "भाऊजी, कशाला एवढ्या खटाटोपात पडता? राहू दे गं धाकटे. इतकी वर्षं गेली अंधारात, आता काय मोठं व्हायचंय."

धाकटीच्या हातातली पक्कड जरा सैल झाली. आईला जायचंय की काय? दादाला ठामपणे 'नाही' म्हणाली नव्हतीच ती. म्हातारपणी मुलाकडे राहावं असं वाटलं तर त्यात चूक काय होतं? पण मग गेल्या आठवड्यात तीन नव्या गिऱ्हाइकांची मापं का घेतली होती?

"राहू द्यायचं नाही," ती म्हणाली आणि पहिल्या खोबणीसमोर बसली.

काकांनी आईच्या कपडे बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा मागून घेतला आणि शिवणाच्या खडूने त्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. "हे बघ. तू नकाशेवाली, तुला लगेच कळेल. दिवा म्हणजे एक गाव. पुढच्या दारातून त्या गावाला दोन वाटा जातात. वीज कुठल्या वाटेने निघायची, ते दाराशी असलेलं बटण ठरवतं. गावाने कुठल्या वाटेकडे तोंड करून बसायचं, ते खोलीपाशी असलेलं बटण ठरवतं. दोघांची वाट एक झाली की उजेड. चुकामूक झाली की अंधार."

"आणि पायरीजवळचं?"

"तो कळलाव्या. तो स्वतः काही करत नाही, फक्त वाटांची अदलाबदल करतो. सरळ चाललेल्यांची चुकामूक करतो, आणि चुकलेल्यांची गाठ घालून देतो. म्हणून तिघांतल्या कुणीही बोट लावलं तरी दिव्याची दशा बदलते."

धाकटीला ते खरंच लगेच कळलं. कागदावर ते कुठल्याही दोन शिवारांच्या नकाशासारखं दिसत होतं. दाराशी तीन वायरी : एक वीज आणणारी, दोन पुढच्या वाटा. पायरीशी चार : दोन आलेल्या, दोन जाणाऱ्या. खोलीपाशी तीन : दोन आलेल्या, एक दिव्याकडे जाणारी. तिने खोबण्यांमधली धूळ फुंकली आणि टोकं मोजली. तीन, चार, तीन. बरोबर दहा.

दहाच्या दहा लाल.

"उरलेलं रीळ आणलेलं दिसतंय," काका म्हणाले. "आता कुठली कुठली, ते कसं ओळखायचं? खुणा बघ. तुझा बाप खूण केल्याशिवाय वायर सोडायचा नाही."

तेच ती शोधत होती. बाबा वायरींना दोरा बांधायचे. आईच्या डब्यातला जाड पांढरा दोरा, गच्च गाठ मारून. बॅटरी धरता धरता तिने ते लोंबते दोरे शेकडो वेळा पाहिले होते. कामगारांत त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. 'शिंपिणीचा नवरा' म्हणायचे. पण या दहा टोकांवर काही नव्हतं. एक धागा नव्हता. तिला वाटलं, बाबा थकले असतील. तेव्हाच आतून बरं नसेल आणि आपल्यापैकी कुणाला कळलं नसेल. हा विचार तिने खोबणीतल्या धुळीसारखा बाजूला सारला, पण तो परत परत येऊन बसत राहिला.

"खुणा नाहीत, काका."

मागच्या खोलीतलं मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

वायरी ओळखायची बाबांची घंटी पिशवीत सापडली, पण तिच्यातले सेल फुटून आत गंज चढला होता. काकांनी आपली घंटी निवृत्त झाल्यावर कामावरच ठेवून दिली होती. तेवढ्यापुरता फ्यूज लावून त्यांनी टेस्टरने दाराशी असलेल्या तीन वायरींतली वीज आणणारी कुठली, ते शोधून दिलं आणि फ्यूज परत खिशात घातला. बाकीचं अंदाजाने करायचं ठरलं. चार वायरी पायरीजवळ एकाच पाइपातून बाहेर आल्या होत्या. वरच्या दोन दाराकडच्या आणि खालच्या दोन खोलीकडच्या, असं धाकटीने धरलं. माणूस नेहमी सोयीचं तेच धरतो.

दुपारभर ती सोलत, वळत, आवळत राहिली. हाताला फोड आला. छतावर दिवा टांगताना मान अवघडली. काका खुर्चीतून म्हणत होते, "तांबं उघडं दिसतंय. लाज वाटत नाही त्याला, तुला तरी वाटू दे." संध्याकाळी त्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते उठले. फ्यूज खिशात घेऊनच घरी गेले. "उद्या सकाळी मीच लावणार. तोवर मेणबत्ती लावा. वायरमनच्या घरात शोभून दिसते."

*

रविवारी दहा वाजता फ्यूज बसला. धाकटी दाराशी, काका पायरीशी खुर्चीत.

तिने बटण दाबलं. दिवा लागला.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिने शाळेत असतानाही काढला नव्हता. दिवा मोठा, पांढरा, गोल. पॅसेजच्या कोपऱ्यातली जळमटंसुद्धा मोजता येतील एवढा.

"नाच नंतर," काका म्हणाले. "खोलीकडून बंद कर."

ती चौदा पावलं पळत गेली. बंद झाला. परत पळत दाराशी. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. काकांनी पायरीवरचं बटण दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, तर विझण्याऐवजी लागलेलाच राहिला. मग खोलीकडचं दाबलं, तर सगळं मेलं, आणि कुठलंही बटण त्याला जिवंत करीना.

"तुझ्यासारखाच आहे," काका म्हणाले. "लहर लागली तर ऐकतो."

"काय चुकलं?"

"अंदाज. फ्यूज नाही गेला, फक्त अब्रू गेली. पायरीशी जोड्या चुकल्यात, नाहीतर खोलीशी, नाहीतर दोन्हीकडे." त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला.

धाकटीने मनातल्या मनात मांडून पाहिलं. पायरीशी चार वायरींच्या जोड्या लावायच्या तीन तऱ्हा. खोलीशी तीनातली एक निवडायच्या तीन तऱ्हा. तीन त्रिक नऊ, त्यातली एक चुकून झाली. "आठ राहिल्या. एकेक करून बघते."

"बघशील गं. पण वायर बघ किती उरलीय." काकांनी काठीने दाखवलं. खरंच, बाबांनी टोकं तोकडी ठेवली होती. दर वेळी आवळलेलं टोक चेपून निकामी व्हायचं, पुढचं सोलावं लागायचं. "दोनदा सोललीस की तिसऱ्यांदा हातात यायची नाही. मग भिंत फोडा. घंटी आणू उद्या. दादाला सांग, एक दिवस थांब."

"तो थांबणार नाही, काका. तो म्हणेल, बघ, झालं नाही."

साडेदहा वाजले होते. ती पायरीवर बसली. त्याच पायरीवर, जिथे आई पडली होती. रडू आलं नाही. नुसती बसली.

मशीन थांबलेलं होतं, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. आई पॅसेजमध्ये उभी होती, भिंतीला हात लावून.

"दोरे होते," आई म्हणाली.

"काय?"

"ह्यांनी बांधले होते दोरे. सगळ्या वायरींना. मी कापले."

धाकटीने मान वर करून आईकडे पाहिलं.

"हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. माणसं येत-जात होती, मी पॅसेज पुसत होते. भिंतीतून दोरे लोंबत होते. कात्री कमरेला होती." आईने आपल्या उजव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो शेजारणीचा हात होता. "लोंबता दोरा दिसला की माझा हात थांबत नाही, माहितीय तुला. लोकांच्या अंगातल्या कपड्यांचेसुद्धा कापते मी. सगळे कापले, केरात टाकले, आणि मग कळलं काय केलं ते. ह्यांचं शेवटचं काम. मीच पुसून टाकलं."

"म्हणून तू म्हणत होतीस, राहू दे?"

"मग काय म्हणू? तू त्या खोबणीत डोकं घालून खुणा शोधत होतीस काल. मला मशीन चालवता येईना."

धाकटी उठली. तिला एकदम दोन गोष्टी कळल्या होत्या आणि त्यातली कुठली आधी हातात घ्यावी ते समजत नव्हतं. आईला जायचं नव्हतं. आणि बाबा थकले नव्हते. त्यांनी दहाच्या दहा वायरींना खुणा केल्या होत्या.

"आता एवढं बोललेच आहे," आई फोरमनकाकांकडे वळून म्हणाली, "तर तुम्हालाही एक सांगूनच टाकते, भाऊजी. हे आता नाहीत, म्हणून सांगते. ह्यांना रंग कळत नव्हते. लाल आणि हिरवा एकच दिसायचा. दोरे त्यासाठी होते. मी कुणाला कळू दिलं नाही, नाहीतर नोकरी गेली असती."

काकांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "वहिनी, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"कसं?"

"हिरवी वायर मागितली. लाल दिली. वर मलाच म्हणतो, घ्या हिरवी. त्यानंतर मी त्याच्याकडे कधी रंग मागितला नाही. म्हणायचो, डावीकडची दे. आणि त्याचं जोडलेलं सगळं मी एकदा डोळ्यांखालून घालायचो. चूक एकदाही सापडली नाही, ते सोडा."

"तीस वर्षं?"

"तीस वर्षं. त्याला वाटलं मला ठाऊक नाही. मला वाटलं तुम्हाला ठाऊक नसेल."

"मला ठाऊक नसेल? लाल टोमॅटो म्हणून किलोभर कच्चे घेऊन आले होते लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात!" आई म्हणाली, आणि मग त्या दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. धाकटीही हसायला लागली. आठ महिन्यांत त्या पॅसेजमध्ये कुणी हसलं नव्हतं. तो आवाज भिंतींना नवा होता.

हसता हसता आई थांबली. "दोरे कसे बांधायचे हे? वेढे देऊन. दारापासून मोजायचं. पहिल्या टप्प्यातल्या दोन वायरींना एक वेढा, पुढच्या टप्प्यातल्या दोघींना दोन, दिव्याकडे जाणारीला तीन. रंग नको, डोळे नकोत. अंधारातही बोटाने मोजता येतं म्हणायचे." ती पायरी उतरून खोबणीपाशी आली. "दोरा कापला मी. पण इतके महिने गच्च बांधलेला दोरा काही खूण ठेवत असेल की नाही? काजाचा दोरा उसवला तरी कापडावर वळ राहतोच."

"वहिनी, हे प्लास्टिक आहे."

"मऊ आहे ना? सरा जरा."

फ्यूज काकांच्या खिशात होता. त्यांनी तरीही एकदा खिसा चाचपला. धाकटीने स्क्रू सैल करून चारही वायरी मोकळ्या केल्या. आईने डोळे मिटले. तशीही तिची नजर अधू झाली होती; सुईत दोरा ती आता बोटांनीच ओवायची, डोळे नुसते सोबतीला. अंगठ्याचं नख तिने पहिल्या वायरीवरून हळूहळू मागे, पार पाइपाच्या तोंडापर्यंत नेलं. परत पुढे आणलं. परत मागे.

"एक," ती म्हणाली.

दुसरी वायर. बराच वेळ. "दोन."

तिसरी. "ही पण दोन."

चौथी. "एक."

वरची आणि खालची एका जोडीच्या; मधल्या दोघी दुसऱ्या. धाकटीने धरलं होतं त्याहून अगदीच वेगळं. तिने खाकी कागदावर खडूने लिहून घेतलं.

"आणि खोलीकडे?" काका पुढे वाकले होते. "तिथे दोन, दोन आणि तीन आले, तर मानलं. बोलू नका कुणी. बॅटरी, तू सांगू नकोस काही तिला."

आई चालत गेली. धाकटीने तिथल्याही वायरी मोकळ्या केल्या. आईने डोळे मिटले.

"दोन." मग, "तीन. हो, तीनच." मग शेवटची. "दोन."

दोन शेजारच्या गावांचे नकाशे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी काढावेत आणि कडेला कड लावल्यावर ओढा ओढ्याला, वाट वाटेला जुळावी, तसं झालं. कामाच्या इतक्या वर्षांत धाकटीने हे दोनदाच पाहिलं होतं.

"मला दाखव," ती म्हणाली.

आईने तिचं बोट धरलं आणि नख त्या वायरीवर टेकवून ओढलं. आधी काहीच लागलं नाही. "घाई नको करू. कापडाची पोत बघतेस असं समज." मग लागलं. बारीक, केसाएवढे, एकमेकांना चिकटून तीन वळ. बाबांनी तिसरा वेढा देऊन दोरा ओढला होता, दातात टोक धरून, जसा ते नेहमी ओढायचे. धाकटीने बोट तिथे जरा जास्तच वेळ ठेवलं. आईने ते काढून घेतलं नाही.

"पुढे चला," काका म्हणाले. "अकरा वाजत आले."

या खेपेला तिचे हात चुकले नाहीत. सोललं, वळलं, आवळलं. आई बॅटरी धरून उभी राहिली. एकदाच उजेड डोळ्यांवर आला, तेव्हा धाकटी म्हणाली, "माझ्या तोंडावर नको, कामावर धर," आणि आई म्हणाली, "बापावर गेलीस." बटणांच्या पट्ट्या भिंतीवर बसवण्याआधी आईने डब्यातून जाड पांढरा दोरा आणला, वेढे मोजून दहाही वायरींना पुन्हा बांधला. वीज आणणारीला तिने आपल्या मनाने एक फुलाची गाठ मारली. तेवढी सूट तिने घेतली. दोऱ्याची टोकं चांगली बोटभर लांब लोंबत होती. धाकटीने आईच्या कमरेच्या कात्रीकडे बघितलं.

"बघू नकोस," आई म्हणाली. "सांभाळलाय हात."

बाराला दहा कमी असताना काकांनी खिशाचं बटण काढलं. फ्यूज बाहेर काढून, फुंकून, तो धाकटीच्या तळहातावर ठेवला. "लाव."

"तुम्ही म्हणाला होतात, तुम्हीच लावणार."

"म्हणालो होतो. आता म्हणतो, लाव."

*

दादा वेळेवर आला. तो कधीही वेळेवरच यायचा. पुढचं दार उघडून आत पाऊल टाकतो तो पॅसेज काळाकुट्ट.

"हे काय? अजून अंधारच?"

"कोण आहे?" मागच्या खोलीच्या दारातून आईचा आवाज आला, आणि खट्. सगळा पॅसेज उजेडाने भरला. चौदा पावलांवर आई उभी होती, बोट बटणावर. पायरीशी खुर्चीत फोरमनकाका, राजासारखे. त्यांच्या बाजूला जमिनीवर धाकटी, केसात गिलाव्याची धूळ.

दादाने वर पाहिलं. मग दाराशी असलेल्या बटणाकडे पाहिलं. दाबलं. अंधार. धाकटीने बसल्या बसल्या हात वर करून पायरीचं दाबलं. उजेड.

दादाने बूट काढले. तपासणीच्या मालाकडे जाताना काढायचा तशी खिशातून छोटी वही काढली. "तीन बटणं. प्रत्येकाच्या दोन स्थिती. आठ तऱ्हा होतात. आठही बघणार."

"सोळा बघ," आई म्हणाली. "उन्हातून आलायस, आधी पाणी तरी पी."

त्याने पाणी प्यायलं नाही. दार, पायरी, दार, खोली, दार, पायरी, दार, खोली. वहीत काट्या मारत तो हिंडत राहिला, आणि दर खटक्याला दिवा त्याला चोख उत्तर देत राहिला. काका खुर्चीतून मोजत होते, "सहा... सात..." आठव्याला दादाने सवयीने पुन्हा पहिलं दाबून पाहिलं. मग बटणाची पट्टी हलते का ते पाहिलं. हलत नव्हती. पायरीच्या कडेला आईने पांढऱ्या कापडाची पट्टी डकवली होती, तीही त्याने वाकून बघितली.

"दोष?" धाकटीने विचारलं.

दादाने वही मिटली. "बटणाची पट्टी एका बाजूला किंचित तिरकी आहे."

"आहे," धाकटी म्हणाली. "तशीच राहणार."

तेव्हा कुठे तो हसला. वर दिव्याकडे बघत म्हणाला, "बाबांनी दहा मिनिटांत केलं असतं," आणि त्याने वही खिशात घातली. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दहा महिने लावले त्यांनी," ती म्हणाली. "आम्ही दोन दिवसांत केलं. जेवून जा."

जेवणं, चहा होऊन दिवेलागण झाली, तेव्हा दादा पुढच्या दाराशी आला. तिथे बॅग ठेवलेली होती. भरलेली, चेन लावलेली. 

"आई," दादा म्हणाला. "तू भरली होतीस?"

"तूच म्हणालास ना, भरून ठेव? उचल." आईने हात पुसले. "गिऱ्हाइकांचे कपडे आहेत. चार घरं, चारही तुझ्या वाटेवर. नावांच्या चिठ्ठ्या आत टोचल्यात. आणि बॅग पुढच्या रविवारी परत आण, मला लागते."

"मी बॅगेला हात लावणार नाही म्हणालो होतो," दादा धाकटीकडे बघून म्हणाला.

"म्हणाला होतास," काका खुर्चीतून म्हणाले. "आता उचल."

त्याने उचलली. जड होती. दारातून बाहेर पडताना, आयुष्यभराच्या सवयीने, त्याने बटण दाबून दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं. तो पायऱ्या उतरतो न उतरतो तोच मागच्या खोलीकडून खट् आवाज आला, आणि बंद दाराच्या खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्याच्या बुटांपर्यंत आली.